हरिश्चंद्ररावांचं मागचं चाक

…आणि वर पुन्हा म्हणतात कसे, ‘त्यात काय एवढं!’ तुम्हाला सांगतो, बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या हरिश्चंद्ररावांनी हे तीन शब्द गिळायची सवय लावून घेतली असती, तर दसऱ्याला सगळ्या सोसायटीसमोर जे झालं ते झालं नसतं.

झालं काय, की गॅलरीत त्यांच्या वडिलांची काळी सायकल. मागची रिम खड्ड्यात जाऊन अशी वाकलेली, की चाक कमी आणि करंजी जास्त. त्यांच्या बायकोला, म्हणजे शुभदावहिनींना, त्या जागेवर वॉशिंग मशीन हवं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “दसऱ्याला त्या सायकलची सोसायटीला एक फेरी झालेली मला दिसली पाहिजे. नाहीतर भंगारवाला.” आणि वहिनी शांतपणे बोलल्या की समजावं, भंगारवाल्याला फोन झालेला आहे.

नवमीला सकाळी हे नवी रिम घेऊन नाथाकडे. नाथा मूळचा रायगडातल्या चौक गावचा, त्याचं सायकलचं दुकान. पण त्यानं पाने-पकडी धुऊनपुसून पूजेत मांडलेल्या! म्हणाला, “हत्यारा पूजेत हायत काका, आज हात लावाचा न्हाय.” वर फुकटात युक्ती दिली. जुन्या रिमला नवी रिम चिकटून बांधायची, हवेच्या भोकासमोर भोक ठेवायचं, आणि चाकाची एकेक तार जुन्या रिममधून काढून नवीत बसवायची. आता इतकं सोपं करून सांगितल्यावर माणसानं तसंच करावं की नाही? पण नाही! हरिश्चंद्रराव म्हणाले, त्यात काय एवढं, आणि घरी येऊन त्यांनी चाळीसच्या चाळीस तारा एकदम सोडवल्या.

बरं, माणूस तीस वर्षं ऑफिसात फायली लावलेला, म्हणजे पद्धतशीर. प्रत्येक तारेला चिकटपट्टी, पट्टीवर नंबर, एक ते चाळीस. मग गंज काढायला सगळ्या तारा घातल्या रॉकेलच्या बादलीत… आणि अर्ध्या तासानं बादलीत एकीकडे चाळीस अनाथ तारा आणि दुसरीकडे चाळीस नंबर, सुट्टे, मजेत पोहतायत!

मधला हब मांडीवर, भोवती रिम, आणि हे तारा ओवतायत. चार ओवल्या की तीन काढायच्या. दुपारचं जेवण त्यांनी चाकातूनच केलं. वहिनी घास पुढे करत होत्या, तारांच्या फटीतून. पण संध्याकाळी, तुम्हाला सांगतो, वडिलांच्या पेटीतल्या छोट्या पान्यानं तारा आवळून त्यांनी ते चाक असं सरळ केलं, की बोटानं फिरवल्यावर त्याच्या वाऱ्यानं गॅलरीतले कपडे वाळले. शेजारच्या रसिकाताईंचेसुद्धा, आणि त्या खोटं बोलत नाहीत.

दसऱ्याला सकाळी टायर-ट्यूब चढवली, पंप आणला, वाकले… आणि वाकलेलेच राहिले. हवेचं भोक नेमकं आलेलं दोन तारांच्या कात्रीत! पंपाचं तोंड आत शिरेना, बोट शिरेना. म्हणजे पुन्हा चाळीस तारा काढा! तरी म्हणाले, त्यात काय एवढं, पण आवाज बारीक. पाना शोधतात, तर पाना कुठे? देव्हाऱ्यासमोर पाटावर, विळी आणि सुरीच्या मधोमध, हळदकुंकू लावून बसलेला.

“अगं, तो पाना…”

“पूजेत आहे. आज हात लावायचा नाही.”

“मग फेरी?”

“ती आजच.”

बिनहवेची सायकल ढकलत न्यावी, तर कालची सरळ केलेली रिम पुन्हा करंजी. हरिश्चंद्ररावांनी विचार केला, सायकलला झेंडूची माळ घातली, सायकल खांद्यावर घेतली, आणि जिन्यानं खाली उतरून गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत अख्ख्या सोसायटीला एक फेरी मारली. लोकांनी वाटेत सोनं दिलं. एकानं तर आपट्याचं पान सायकललाच दिलं. मी विचारलं, “हे काय हो?” तर घाम पुसत म्हणाले, “सायकलची फेरी व्हायला हवी होती, झाली. कोणी कोणावर बसायचं हे कुठे ठरलं होतं?”

गॅलरीतून वहिनी सगळं बघत होत्या. वरूनच म्हणाल्या, “चला, झाली एकदाची. आता दरवर्षी अशीच काढा. त्यात काय एवढं!”