सातवी गोटी

नाही हो, गोट्या! साठी उलटलेली माणसं, काळे सूट, पांढरे हातमोजे, पोटावर एप्रन… आणि दार लावून आत गोट्या टाकतात! आणि त्या एका गोटीपायी माझ्या घरात आठवडाभर अबोला! आता हे फ्रीमेसन लोकांचं आतलं गुपित, शपथ घेतलीय मी, बाहेर चकार शब्द काढायचा नाही… पण तुम्हाला म्हणून सांगतो.

आमची लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची शाखा हो, जुनी बरं का! कुणा जहाजाच्या कप्तानानं काढलेली. एके काळी चाळीस खुर्च्या भरायच्या. विधवांना पेन्शन, पोरांची फी, गरिबांना चष्मे, सगळं गुपचूप, या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही. पण लोकांना दिसतं फक्त बंद दार, मग म्हणतात भूतबंगला! बायकोसुद्धा, "निघालात का तुमच्या भुतांत?" मी म्हणायचो, अगं, भुतं कसली, सगळे डायबिटीसवाले, माझ्याच दुकानातून औषधं नेतात! हसायचो हो तेव्हा…

तर नियम असा, की सातजण असल्याशिवाय लॉज उघडत नाही. आणि आम्ही उरलो होतो बरोब्बर सात. त्यातले सातवे म्हणजे हेडमास्तर! नव्वदीचे. निम्म्या लॉजनं त्यांच्या छड्या खाल्लेल्या. त्यांनी वीस वर्षांत एक नवा माणूस आत येऊ दिला असेल तर शपथ! कसं, तर नवा माणूस घ्यायचा म्हणजे पेटी फिरते, प्रत्येकानं आत हात घालून गोटी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, आणि एक जरी काळी निघाली की खेळ खलास! कोणी टाकली ते विचारायचं नाही. पण विचारायचं कशाला? हेडमास्तर असे घसा खाकरायचे, खँ… खँ… "शिस्त नाही पोरात!" आणि पोरगं कोण, तर पन्नाशीचा इंजिनियर!

गेल्या महिन्यात हेडमास्तर गेले. वाईट वाटलं, खरंच वाटलं… पण आमचे सेक्रेटरी, बँकेतले रिटायर कॅशियर, ते अंत्ययात्रेतच माझ्या कानाला लागले, "आता कुणीही पास होईल बघा!" वरून तंबी आलेली, सहाजणांत एकदा मतदान करा, सातवा घ्या, नाहीतर कुलूप लावा. कुलूप म्हणजे त्या विधवांची पेन्शनही बंद! मी म्हटलं, माझा मेव्हणा आहे ना! दातांचा डॉक्टर, गरीब स्वभाव, दुसऱ्याचा दात काढताना स्वतःच ओरडतो!

शनिवार, भर दुपार. हेडमास्तरांची खुर्ची रिकामी, तिच्यावर त्यांचे हातमोजे ठेवलेले, ही आमची रीत. पेटी फिरली. अध्यक्ष, म्हणजे वकीलसाहेब, त्यांनी खण ओढला… काळी!

झालं! "मी नाही!" "मग काय मी?" "आईशप्पथ!" वकीलसाहेब भडकले. होत्या नव्हत्या त्या काळ्या गोट्या कपाटात कोंबल्या, कुलूप, किल्ली खिशात. प्रत्येकाला एकच पांढरी. तळहातावर सगळ्यांना दाखवायची, मग टाकायची. गुप्त मतदान गेलं चुलीत! दाखवली. टाकली. खण ओढला…

काळी.

कॅशियरनं सवयीनं मोजल्या. सहा पांढऱ्या, एक काळी. थुंकी लावून पुन्हा मोजल्या. "सात," म्हणाला. आणि तेवढ्यात… नको, राहू दे, शपथ आहे हो… पण तुम्हाला म्हणून सांगतो. त्या रिकाम्या खुर्चीकडून आवाज आला. खँ… खँ…

वाटलं, आता चेंगराचेंगरी होणार दारात. पण वकीलसाहेब! चेहरा पांढराफटक, पण वकील तो वकीलच. म्हणाले, "मतं सात पडली. अर्थात हजर सात. तेव्हा… लॉज उघडायला हरकत नाही." आणि हातोडा आपटला! पेन्शन वाचली हो! पण मला सांगा, आनंद तरी कुणाच्या तोंडाकडे बघून करायचा?

घरी बायको दारातच. "कोणी पाडलं माझ्या भावाला? नाव सांगा!" काय सांगू? हेडमास्तर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांना भेटायला हीच आली होती माझ्याबरोबर!

मी सरळ राजीनामा दिला. म्हटलं, तुमची लॉज तुम्हाला लखलाभ. तर कॅशियर म्हणतो, "राजीनाम्यालाही मतदान लागतं." पुन्हा ती पेटी. पाचांनी पाच पांढऱ्या टाकल्या, माझ्या डोळ्यांदेखत. खण ओढला… गुपित आहे, आणि तुम्हाला सांगायची गरजही नाही.

बरं, मरून सुटेन म्हणावं, तर हेडमास्तर तरी कुठे सुटले?

चला, निघतो. आज शनिवार. त्यांना उशीर झालेला चालत नाही.