हातवाली खुर्ची

...अहो, पाठ दुखत होती म्हणून खुर्ची मागितली मी, सिंहासन नव्हतं मागितलं! तुम्हाला सांगते, आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची, मी तक्रारींच्या फोनवर, म्हणजे दिवसभर कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं आणि मी इकडून ‘घाबरू नका, माणूस निघालाय’ म्हणत बसलेली, त्यात माझ्या खुर्चीचं एक चाक निखळलं, ती डावीकडे कलायची म्हणून मीही कलायचे, इतकी की घरी नवरा म्हणाला, ‘भिंतीच्या कानात काय सांगतेस?’ म्हणून गेले स्टोअरमध्ये. तिथले काका म्हणाले, ‘ताई, साधी एकही शिल्लक नाही. ही हातवाली न्या तात्पुरती.’ नेली. खुर्ची हो, नुसती खुर्ची!

पण आमच्याकडे कसं आहे... हातवाली खुर्ची फक्त साहेब लोकांना. कुठे लिहिलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही, पण विचारा कुणालाही! दुसऱ्या दिवशी मी आले उशिरा, म्हणजे रोजच्यासारखीच, बस चुकवून. एरवी दारावरचा वॉचमन घड्याळाकडे बघून खाकरतो, ‘उजाडलं का?’ आणि त्या दिवशी? उठून उभा! ‘मॅडम, बाहेर मीटिंग होती वाटतं?’ अहो, केस अर्धे बांधलेले, पिन दातात, अशा अवतारात कोण बाई मीटिंगला जाते? मी नुसतं ‘हं’ म्हटलं. पिन होती ना दातात! तीच बस, तोच उशीर, तीच मी... पण काल तो आळशीपणा होता आणि आज कामाचा व्याप!

मग माझ्या कपाखाली बशी आली. मेकॅनिक लोक रजा विचारायला यायला लागले, मला! आणि खरं सांगू? आवडलं हो. खुर्चीच्या हातांवर कोपरं टेकवून, डोळे बारीक करून ‘बघू’ म्हणायला लागले. काय बघणार होते, देव जाणे.

फक्त चिमणीचं बिनसलं. चिमणी म्हणजे शेजारच्या टेबलावरची, माझी जिवाची मैत्रीण, वर्षानुवर्षं एका डब्यात जेवतो आम्ही. म्हणते, ‘तुम्ही घ्या जेवून मॅडम, आमचं काय!’

‘अगं, तात्पुरती आहे ती!’

‘आधी तात्पुरतीच देतात, मग बढतीची ऑर्डर निघते. मला सांगितलं असतंत तर काय जीभ झडली असती?’

आठवडाभर ती खिडकीकडे तोंड करून जेवली आणि मी भिंतीकडे. बढती-बिढती काही नाही म्हणून सगळ्यांना सांगून बघितलं, तर डोळा मारतात, ‘मॅडमना इतक्यात जाहीर करायचं नाहीये!’ परत करायला गेले, तर स्टोअरचे काका दचकले, ‘का? मोठ्या साहेबांशी वाजलं का?’ आता काय करावं माणसानं? खुर्ची हो, नुसती खुर्ची!

शेवटी डोकंच फिरलं. सगळ्यांच्या देखत ती खुर्ची घरंगळत नेली आणि चिमणीच्या पुढ्यात उभी केली. ‘बस! बसून बघ काय पुरून ठेवलंय हिच्यात!’

बसली. मागे रेलली. एक गिरकी घेतली. आणि खुदकन हसली, ‘अगं बये... कसली मऊ आहे गं!’

‘अगं’ म्हणाली! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी. त्या दुपारी एका डब्यात जेवलो, ती हातवालीत, मी तिच्या साध्या खुर्चीवर. म्हणाली, ‘माझीही कंबर धरलीय गं, राहू दे का?’ म्हटलं, ‘ठेव की! मैत्रीपुढे खुर्ची ती काय?’

दुसऱ्या दिवशी परत बस चुकली. वॉचमन खाकरला, ‘उजाडलं का?’ बरं वाटलं हो, माहेरी आल्यासारखं! आत गेले, तर चिमणी हातांवर कोपरं टेकवून बसलेली, कपाखाली बशी. तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे... आणि माझ्या तोंडून, या माझ्याच तोंडून, काय निघावं?

‘सॉरी हं मॅडम... बस चुकली.’