बुडाखालची चुंबळ

माझं माहेर रोह्याच्या अलीकडचं, कुंडलिकेच्या काठावरचं, गावाचं नाव नको, माहेरची माणसं अजून हायत तिथं. बापाची भातशेती, भात कापलं की त्याच ओलीवर वाल. पाणी नदीचं, चढण चढून आणायचं, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि खाली जुन्या लुगड्याची पिळून गोल केलेली चुंबळ. माझी चुंबळ अशी बसायची की मी हात सोडून चालायचे, मान ताठ. आई म्हणायची, चाल बघा हिची, जशी काय राणीच. तर चुंबळ ही डोक्याची वस्तू, एवढं मला लहानपणापासून ठाऊक. पुढं तिची जागा बदलली. तेच सांगायचं हाय, पण काय सांगू तुम्हाला, जीभ अजून तिथवर जात नाय. चहा घ्या तोवर.

लग्न होऊन पेणजवळ जोह्याला आले. पोरगा कारखान्यात असतो असं मध्यस्थ म्हणाला, तर बापाला वाटलं भोंगा वाजत असेल, शिफ्ट असेल, जावई कंपनीतला. बघायला आला तर ओटीवर सासरे धोतर खोचून मातीत बसलेले आणि भोवती शे-दोनशे गणपती, अर्धे बिनडोळ्यांचे. जोह्यात घरोघरी हाच कारखाना. डोळे काढायचं काम सासऱ्यांचं, आम्हा बायकांकडं पितांबर, शेला, दागिने. सगळं काम बैठं. सकाळी मांडी घातली की दुपारच्या जेवणालाच मोडायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू, पाण्याच्या चढणीपेक्षा बरं. माझा हात बघून सासरे म्हणाले, हिला पितांबराचा काठ दे, ही काठ चांगला ओढते. नव्या सुनेला काठ देणं म्हणजे मोठा मान.

मग पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. रोह्याला दवाखान्यात नेलं, मूल अडलं, चिमटा लावून ओढलं, टाके घातले. मुलगी झाली, सुरेखा. टाके सुकले, डॉक्टर म्हणाले छान हाय, जा घरी. पण मला बसवेना. खाली बसलं की आतून कोणी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, उठताना त्याहून जास्त. आईला सांगितलं, तेही पदर तोंडाला लावून. आई म्हणाली, असतं गो ते तसंच, बोलायचं नसतं. कोणी विचारलं तर कंबर म्हण.

सव्वा महिन्यानं जोह्याला परत आले ती कंबर घेऊनच. सीझन तोंडावर आलेला, काम डोंगराएवढं. मी एका कुल्ल्यावर बसायचे, मग दुसऱ्या, मग गुडघ्यावर, मग उभी राहून काठ ओढायचे, आणि उभ्यानं काठ सरळ येत नाय. सासू बघायची. मुलगी झाल्यावर एवढा तोरा, मुलगा झाला असता तर छपरावर बसली असती, असं एकदा म्हणाली, सगळे हसले, मीपण हसले. हळदीकुंकवाला बायका चटईवर बसायच्या, मी दाराला टेकून उभी. बसावंच लागलं तर सगळ्यांत शेवटी उठायचे, कारण मी कशी उठते ते कोणी बघायला नको, आधी हात टेकायचा, मग कूस, मग गुडघा, म्हशीसारखं. रोह्याची सून गर्विष्ठ हाय असं गावात झालं. मला ते चाललं. गर्विष्ठ म्हटलेलं परवडतं, त्या जागेचं नाव निघालेलं परवडत नाय.

आता चुंबळ. लहान मूर्तीची पाठ रंगवायची तर ती आडवी करावी लागते, तेव्हा मुकुटाला खरचटू नये म्हणून खाली चुंबळ ठेवतात. एका दुपारी सगळे जेवायला आत होते, मी एकटी, आणि काय मनात आलं कोण जाणे, ती चुंबळ घेतली आणि तिच्यावर बसले. काय सांगू तुम्हाला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती जागा कशालाच टेकली नाय, मधल्या पोकळीत राहिली. माझ्या डोळ्याला पाणी आलं. त्या दिवशी मी असा काठ ओढला की सासऱ्यांनी शेजारच्या कारखान्यात नेऊन दाखवला. मग रोजच, नजर चुकवून चुंबळ साडीखाली घ्यायची आणि सगळे उठायच्या आधी परत ठेवायची.

एके दिवशी सासूला चुंबळ हवी झाली. शोधाशोध, पोती उलटी केली, मांजरावर आळ आला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, उठ गो, तुझ्याखाली बघू दे. मी उठले नाय. परत म्हणाली, उठ. मी काठ ओढत बसले. सासू म्हणाली, ही सून हाय का संस्थानिक? तेव्हा सासऱ्यांनी कुंचला खाली ठेवला, आणि सासऱ्यांनी कुंचला ठेवला म्हणजे उठावंच लागतं. उठले. खाली चुंबळ, चपटी, उबदार. कारखान्यात रोजावरचे चार पुरुष, दोन जावा, आमचे हे, सगळ्यांच्या देखत सासू ओरडली, देवाच्या मुकुटाची चुंबळ बुडाखाली!

सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, का बसलीस? बघा, तिथं सांगता आलं असतं. विचारणारा माणूस चांगला होता. पण सगळे टक लावून बघत होते आणि मला वाटलं, साडी न नेसताच उभी हाय मी. कंबर दुखते, म्हटलं. सासू म्हणाली, कंबर एवढी वर, चुंबळ एवढी खाली, ही कुठल्या देशाची कंबर? खरं बोलली बाई. सगळ्या जोह्यात तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं, पण रागात होती म्हणून पुढं गेली नाय. चुंबळीवर गोमूत्र शिंपडलं. मग सासरे म्हणाले, आता ही देवाला चालायची नाय, हिलाच देऊन टाका. अशी ती माझी झाली.

आणि मग कंबरेवर उपचार सुरू झाले. तेल, शेक, पेणहून पट्टा. कोलाडजवळ एक पायाळू माणूस होता, पायाकडून जन्मलेला, त्याची लाथ बसली की उसण जाते. आमच्या ह्यांनी मला एसटीनं नेलं, नारळ दिला, त्यानं तीन लाथा घातल्या. चांगल्या धडधाकट कंबरेवर. त्या दिवसापासून कंबरही दुखायला लागली, तेवढं मात्र खोटं राहिलं नाय.

ह्यांचं काय सांगू. नवरा-बायकोचं जे असतं त्यात मला मरणयातना व्हायच्या, मी दात आवळून पडायचे, मग अंग चोरायला लागले, मग भिंतीकडं तोंड करून. एक दिवस हे गादी गुंडाळून कारखान्यात झोपायला गेले, म्हणाले मूर्त्यांना राखण पाहिजे. आता बिनडोळ्यांचा गणपती कोण चोरतंय? पण मी म्हटलं, व्हय, राखण पाहिजेच. दुसरं मूल झालं नाय. गावानं त्याचाही हिशोब माझ्या तोऱ्यातच धरला.

पुढं माझं काठाचं काम नावाजलं, तर एका मंडळानं पेणला सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि स्टेजवर प्लॅस्टिकची खुर्ची, टणक, मधे फट. चुंबळ पिशवीत, पिशवी खाली सुरेखाकडं. पाहुणे बोलायला उठले ते स्त्री म्हणजे सहनशीलतेची मूर्ती इथून सुरू झाले आणि तिथंच घिरट्या घालत राहिले. अर्धा तास काढला, मग मला राहवेना, मी मधेच ताडकन उभी राहिले. पाहुण्यांना वाटलं बाई भारावली. तेही गहिवरले, मग स्टेज उठलं, मग सगळं सभागृह उठलं आणि टाळ्या. मी शालीत तोंड घालून रडत होते, त्याचाही फोटो आला.

सुरेखाला रोह्यातच दिलं. नातू झाला तेव्हा पहिल्या महिन्यात ती माझ्याकडंच होती, बरी दिसायची. परत गेल्यावर मी भेटायला गेले. ब्लॉकमधलं घर, विहीणबाई जरा थाटाच्या, पाच मिनिटांत फ्रिज, टाइल्स, सगळं दाखवून झालं. सुरेखा बाळाला पाजत होती, कॉटच्या कडेवर, एका अंगावर. मी म्हटलं, नीट बस ना गो. तर म्हणाली, कंबर दुखते, आई. बाळाला घ्यायला मी पुढं वाकले, तर तिच्या मांडीखालून एक टोक दिसलं. जुन्या ओढणीची चुंबळ. त्या घरात स्वयंपाकघरात नळ, न्हाणीत दोन नळ, हंडा शोभेलासुद्धा नाय. चुंबळ कशाला लागते?

पोरीनं पाणी वाहायचं शिकून घेतलं नव्हतं, ही एवढी एकच गोष्ट माझ्याकडनं घेतली होती, आणि वर माझ्या आईचा शब्द. विहीणबाई म्हणत होत्या, डिंकाचे लाडू द्या, कंबर भरून येते. मला वाटलं गप्प बसावं. खरंच वाटलं, तीस वर्षांची सवय. पण डोळ्यांपुढं तो कोलाडचा माणूस आला, पाय उचललेला. मी म्हटलं, तिची कंबर बरी हाय विहीणबाई. तिला खाली दुखतं. जिथनं मूल आलं तिथं. मलापण तिथंच दुखतं, ही झाली तेव्हापासून. विहीणबाई फ्रिजकडं बघत होत्या. सुरेखाचे कान लाल झाले, मला म्हणाली, आई, हळू. मग माझा हात धरला तो सोडला नाय.

पेणला बाईडॉक्टरकडं दोघी गेलो, तिनं व्यायामवालीकडं धाडलं. तरणी मुलगी, तिनं पोरीला तपासलं, मग मला म्हणाली, मावशी, तुम्हीपण या आत. सांगायला नको, नातू असलेली बाई मी, लाजेनं मेले. ती म्हणाली, मावशी, दुखेल या भीतीनं तुम्ही इतकी वर्षं आतून आवळून धरलंय, आता सोडायला शिकायचं. मी म्हटलं, बाई, जन्मभर सगळ्यांनी आवरून धरायलाच शिकवलं, सोडायचं कोण शिकवणार? पडून श्वास घ्यायचा, पोट सैल सोडायचं, असलं काय काय. सुरेखाला चारेक महिन्यांत खूपच फरक पडला, आता ती जमिनीवर बसून पोराशी खेळते. माझं थोडं कमी झालं. सगळं जायचं नाय, उशीर झाला, असं ती व्यायामवालीच म्हणाली, गोड बोलून.

ह्यांना सांगितलं, भिंतीकडं तोंड करूनच. हे म्हणाले, मला वाटायचं मी तुला नकोसा हाय. एवढंच. आता हे घरात झोपतात, घोरतात, मूर्त्यांना देव राखतो. पण ते वाक्य मला टोचतं, त्या टाक्यांपेक्षा जास्त. सासू-सासरे गेले, त्यांना सांगायचं राहिलं. सासूला तर सांगायला हवं होतं, तिला जागा बरोबर कळली होती.

लाज गेली का म्हणाल, तर नाय गेली. आताही बोलले तर घाम आलाय बघा. तुमच्या घरात लेकीसुना असतील, सुखात राहू देत. झालं, चहाही निवला. तुम्ही व्हा पुढं, मी येते मागनं, चपला बाहेर हायत तुमच्या.

नाय, थांबा. बघितलंत तर बघा. चुंबळीवरच बसलेय मी मघापासून. हात द्या जरा.