तपकिरी बॉल

मी खाली सही करणार, वय ५४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार स्नूकर क्लबच्या वरच्या मजल्यावर, पतीसह. समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

निमंत्रितांच्या स्नूकर स्पर्धेत माझे पती पैसे घेऊन मुद्दाम हरले, अशी आयोजकांची तक्रार आहे. पतींनी आज सकाळी ते कबूलही केले. तो कबुलीजबाब खोटा आहे. पैसे कोणाकडून घेतले, हे त्यांना अजून सुचलेले नाही.

सदर स्पर्धेला आठच व्यावसायिक खेळाडू बोलावतात. पात्रता फेरी नसते, आयोजकांच्या मनात येईल तो. पती पूर्वीचे विजेते, म्हणून त्यांना बोलावणे येते. ते येईपर्यंत दरवर्षी त्यांना घास गोड लागत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांना लाल आणि तपकिरी बॉल सारखेच दिसतात, जवळचे बारीक अक्षरही लागत नाही. डोळ्यांची नस सुकत चालली आहे, उपाय नाही, असे डॉक्टर म्हणाले. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. तपकिरी बॉल आपल्या ठरलेल्या जागी असला की ते जागेवरून ओळखतात. सरावाला मी समोर काज-बटणे करत बसते आणि तो हलला की सांगते.

अंतिम सामन्याच्या शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे निकालाच्या डावात, प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याने तपकिरी बॉल लाल बॉलांच्या घोळक्यात जाऊन थांबला. मी प्रेक्षकांत होते. पतींना आधी लाल बॉल घालणे भाग होते, दुसरा रंग घातला तर गुण प्रतिस्पर्ध्याला जातात. खेळाडू पंचांना बॉलचा रंग विचारू शकतो, तसा नियम आहे. पतींनी पंचांकडे पाहिले. मी मनात म्हणत होते, "अहो, विचारा ना." त्यांनी काठीच्या टोकाला खडू लावला आणि लाल समजून तपकिरी बॉल पॉकेटमध्ये घातला. फटका सुरेख होता. लोक आधी हसले, मग ओरडू लागले. त्या चुकीवर सामना गेला.

आज इथल्या बाकावर मी त्यांना विचारले, "खोटं का सांगितलंत? चोराला कोण बोलावणार आहे?"

ते म्हणाले, "बंदी आज ना उद्या उठते. रंग विचारला असता, तर तिथंच सगळं संपलं असतं. तू तोंड उघडू नकोस."

त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही असे नाही, पुष्कळदा मोडला. हा मोडताना मात्र जीव तुटतो आहे. यापुढे बोलावणे येणार नाही आणि ते माझ्यामुळे, हे मला कळते. पण त्यांना चोर म्हणून आत जाताना मला पाहवणार नाही.

खात्री करायची असल्यास त्यांच्या जबाबाचा कागद पाहावा. "वाचला, बरोबर आहे" म्हणून त्यांनी तो परत दिला. हवालदारांनी बोट ठेवून जागा दाखवली, तरी सही मजकुरावर पडली आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. पतींना तो वाचून दाखवू नये, ही विनंती. नुसता हातात दिला तरी चालेल.