तीन जीवांचं मशीन

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात कासार आंबोलीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. शेजारी दोघी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर कपड्यांचं बोचकं होतं.

"चंद्रे, बंगल्यावर पुण्याचं मालक आल्यात आन तू हितं?"

"काढलं मला, फुलामावशी."

"का गं?"

"त्या टीव्हीवरच्या खेळापायी. आधी फॉरेनचं एक मशीन आणलं व्हतं. त्यात नुसत्या दोन काठ्या आन एक चेंडू. कुणी मरत न्हवतं. औंदा नवं आणलं. त्यात इमानं हायेत, गोळ्या हायेत, आन खेळणाऱ्याला तीन जीव मिळत्यात."

"तीन जीव?"

"व्हय. एक गेला की मालकाची पोर वरडती, 'मेले, मेले!' पयल्यांदा मी तव्यावरची भाकरी टाकून पळाले, तर समदी हासली. बाईसाहेब म्हनल्या, 'अगं, खेळ आहे तो. अशी धावत येत जाऊ नकोस.'"

"मग?"

"मग न्हाई गेले. परवा पुन्यांदा वरडली, 'मेले, मेले!' मी कांदा चिरत बसले. इंचू चावला व्हता तिला."

"अगं आई! आन पोर?"

"बरी हाय. जीपनं पौडाला नेली, सुई दिली. आल्यावर बाईसाहेब माझ्यावरच. 'खरं कुठलं आणि खेळ कुठला, एवढंही कळत नाही तुला?'"

"तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, बाईसाहेब, मशीन तुमी बदललं. खेळात काय आन खरं काय, वरडनं तेच हाय."