प्रयागबाईनं न घेतलेलं व्रत

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज गोड बोलायला उभा नाही, आधीच सांगतो. मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. घरातलं एक माणूस बोलायचं थांबलं. भांडत नाही, मागत नाही, रुसत नाही. मग ते माणूस शांत झालं, हे कोणी ठरवायचं? त्या माणसानं, का ज्यांच्या डोक्याची कटकट गेली त्यांनी?

बोला की. मघाशी गजराला तर आवाज चांगला होता.

बरं, ऐका. कासारखेडं नावाचं गाव. तिथं रंगनाथची पिठाची गिरणी. माणूस सरळ. तंबाखू नाही, तंटा नाही, एकादशी चुकवणार नाही. बायकोचं नाव प्रयाग. रंगनाथ आत दाणे ओतायचा आणि प्रयाग बाहेर ओट्यावर डबे ओळीनं लावून घ्यायची. आणि बोलायची! गिरणीच्या घरघरीवर तिचा आवाज. कुणाच्या ज्वारीत खडे निघाले, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं तिच्याकडं. लोक म्हणायचे, वीज गेली की गिरणी बंद पडते, प्रयागबाई पडत नाही. रंगनाथ वैतागायचा. म्हणायचा, "अगं, पीठ तरी गार होऊ दे, मग बोल."

त्या आषाढात ती कमी बोलायला लागली. मग ओट्यावर यायची बंद झाली. दोन-दोन दिवस वेणी नाही. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची. एका सकाळी रंगनाथ चहा पीत होता तेव्हा तीच म्हणाली, "अहो, मला आतून काहीतरी झालंय. उजाडलं की भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही."

रंगनाथ काय म्हणाला? तुम्ही-आम्ही जे म्हणतो तेच. "तुला काय कमी आहे? पोरगा नोकरीला लागला, मंदाचं लग्न ठरतंय. देवानं दिलंय ते बघ जरा."

थांबा इथं. मला या वाक्याची चीड येते. तुमचा पाय मोडला आणि मी म्हटलं, दोन एकर बागायत आहे की, कशाला विव्हळता, तर चालेल? मारायला धावाल मला. मग मन मोडलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडानं म्हणता? तिनं धीर करून एकदा दार उघडलं होतं. यानं ते लोटून दिलं, आणि चहा संपवला.

माझी बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. मी तिला शेवटचं काय विचारलं माहीत आहे? माझा पांढरा सदरा कुठाय. असो. आख्यान माझं नाही.

श्रावणात मंदाला बघायला पाहुणे आले. मुलाचे मामा मोठे चौकस. पोहे झाले, मंदाचं नाव-गाव विचारून झालं. प्रयाग दाराशी पदर घेऊन बसलेली. मामांनी दोनदा विचारलं, "वहिनी, तुमचं माहेर कुठलं?" प्रयाग जमिनीकडं बघत राहिली. मामांनी कपाळाला आठी घातली. रंगनाथला घाम फुटला. आईच्या डोक्यात बिघाड आहे असं निघालं तर पोरीला कोण करून घेईल? आणि तो बोलून गेला, "तिनं मौन धरलंय. चातुर्मासाचं."

मामांनी बसल्या जागी हात जोडले. "अशी विहीण भाग्यानं मिळते."

झालं. सोयरीक ठरली. तुळशीचं लग्न लागलं की बार उडवायचा. आणि ती थाप गावात निघाली. दोन दिवसांत बायका ओटी घेऊन दारात. प्रयाग ओट्यावर बोलायची तेव्हा ज्या तोंड चुकवून जायच्या, त्याच आता तिच्या पाया पडायला. ती जेवत नाही? कडक उपवास. अंथरुणातून उठत नाही? समाधी लागते. रंगनाथ आधी ओशाळायचा. मग त्याला ते बरं वाटायला लागलं. लोक त्यालाही वाकून नमस्कार करायचे. घरात सगळं सुरळीत होतं. बायको बोलत नव्हती, एवढंच.

पुढं सप्ताह बसला. माझ्यासारखाच एक बुवा होता तिथं. त्यानं भर सभेत प्रयागला उभं केलं, खण-नारळ दिला आणि म्हणाला, "बायांनो, जीभ आवरायला हिच्याकडून शिका." प्रयागच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बुवा म्हणाला, बघा, भाव दाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाई बुडत होती. आणि काठावर टाळ्या! असल्या बुवांची लाज वाटते मला. मीही त्यांतलाच, म्हणून जास्त वाटते.

दसऱ्याच्या आधी रंगनाथची थोरली बहीण आली. ठकूआक्का. तिच्या तोंडाला भाऊच काय, गावचा पाटीलही भ्यायचा. दोन दिवस तिनं बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीत आली. म्हणाली, "रंग्या, मशीन बंद कर."

"दळण आहे, आक्का."

"खड्ड्यात गेलं दळण. बंद कर." मशीन बंद झालं. "हिच्या व्रताचा संकल्प कुणी सांगितला? कोणता भटजी होता? कुठल्या देवापुढं पाणी सोडलं?"

रंगनाथ पीठ झटकत बसला.

"उद्यापन कधी धरलंय? किती ब्राह्मण, किती सवाष्णी? काहीच नाही? माझ्या सासूनं चार चातुर्मास मौन केलं, मी माझ्या हातांनी तिचं सगळं केलंय. मौनातलं माणूस खुणा करतं, बाबा. मीठ हवं तर चिमटी दाखवतं. पाटीवर लिहितं. चिडलं तर भांडं आपटतं. हिला मी विचारलं, पाणी देऊ? हिनं मान हलवली नाही. हे व्रत आहे होय रे?"

"आक्का, हळू बोल. मंदाची सोयरीक..."

"काल दुपारी मी हिला आडाच्या काठावरून दंडाला धरून आणलं. पाण्याला गेली नव्हती. घागर घरात होती." आक्काचा आवाज पहिल्यांदा हलला. "मंदाच्या लग्नात आईच्या जागी काय मांडणार आहेस? फोटो?"

रंगनाथ गिरणीतून उठला तो पिठाच्या अंगानंच घरात गेला. प्रयाग भिंतीकडं तोंड करून निजली होती. तो शेजारी बसला. पंचवीस वर्षं तीच बोलत आली होती, याला बोलायची सवय कुठली? म्हणाला, "मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी झाकलं. उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ."

ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "वेड्यांच्यात सोडून याल मला."

"नाही. तू आत, तर मी दाराशी."

सकाळच्या एसटीनं तिघं जिल्ह्याला गेले. डॉक्टरीणबाई मंदाच्या वयाची. तिनं विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"तीन महिने घरच्यांनी काय केलं?"

रंगनाथ खाली बघून म्हणाला, "लोकांना हिच्या पाया पडू दिलं."

बाई लिहायची थांबली. मग म्हणाली, "हा आजार आहे, काका. औषध आहे. वेळ लागेल. पण एकटं ठेवायचं नाही."

परत येताना रंगनाथ वाटेत उतरला. मामांच्या घरी गेला आणि जे होतं ते सांगितलं. मामा म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं," आणि सोयरीक मोडली. मला कुणी म्हणेल, बुवा, सत्य बोलल्याचं फळ गोड दाखवा. नाही दाखवणार. पोरगी दोन दिवस रडली. गावानं खण-नारळाचं हसं केलं. ज्या बायका पाया पडल्या, त्याच म्हणाल्या, वेडीच्या पाया पडलो की गं. मंदा मात्र डोळे पुसून उठली, आईच्या गोळ्यांची वेळ तिनं चुकू दिली नाही. रंगनाथ रोज गिरणी तासभर बंद ठेवायचा आणि नुसता प्रयागजवळ बसायचा. उपदेश नाही, 'तुला काय कमी आहे' नाही. बसायचा. पौष गेला, माघ गेला. शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी ती ओट्यावर आली, समोरचा डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "या गव्हात किडे आहेत. कुणी आणला हा?"

त्या दळणवालीला राग आला. रंगनाथ आत जाऊन रडला.

आता तुमच्याकडं येतो. तुमच्यापैकी कितीजण आज घरी कुणाला तरी मागं ठेवून आलात? डोकं दुखतंय म्हणाली, म्हणून राहिली. बाबांना आवडत नाही गर्दीत, म्हणून नाही आले. पोरगं खोलीतून निघत नाही, अभ्यास करतंय. तुम्ही मान डोलावलीत आणि इथं येऊन बसलात. देव ऐकायला. अरे, घरातलं ऐकलं नाही, ते इथं काय ऐकणार?

आज माझ्या पाया पडायला रांग लावू नका. बुक्का लावणार नाही कुणाला. उठा, घरी जा. त्या माणसाच्या शेजारी बसा. ते बोललं तर मध्ये तोंड घालू नका. नाही बोललं, तर उठून जाऊ नका.

आरती माझी मी म्हणतो. मला सवय आहे. तुम्ही जा.