शिट्टी सरांची तब्येत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मुख्याध्यापिकाबाई आणि आमच्या यांच्या शिट्टीवर धावलेल्या माझ्या सगळ्या लेकरांनो,

आज निरोप यांचा आहे. मला फक्त दोन शब्द बोलायला सांगितलंय. पण मैदानावर आवाज यांचा आणि घरात माझा, अशी आमची जुनी वाटणी. सभागृह कुणाच्या वाट्याचं ते अजून ठरलेलं नाही. तेव्हा अध्यक्षांनी जरा सांभाळून घ्यावं.

आम्ही लेकीकडे परदेशात कायमचं राहायला निघालोय. तिथलं आजारपण परवडणारं नाही, म्हणून आधी आरोग्य विमा. जावईबापूंनी दोन पॉलिसी शोधल्या. एक स्वस्त, पण जुन्या दुखण्यांना तिच्यात जागाच नाही. दुसरी महाग, पण जुनं दुखणं आधी सांगितलं तर त्याचाही खर्च देणारी. मी म्हटलं, दुसरीच घ्यायची. सगळे हो म्हणाले. मग कंपनीच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. काही आजार आहे का? आमचे हे ताठ उभे राहून म्हणाले, "एकदम ठणठणीत!"

मी शेजारीच यांच्या गोळ्यांचा डबा भरत होते.

हसताय ना? तुम्हालाही यांनी हेच उत्तर शिकवलंय. गुडघा फुटला तरी ठणठणीत. मैदानावर ते शोभतं, पण विम्यात त्याला लपवाछपवी म्हणतात. उद्या तिकडे छातीत कळ आली आणि कंपनीने हात वर केले, तर लेकीने राहतं घर विकायचं का? या काळजीने मला घास गोड लागत नाही. हे म्हणतात, तूच सांग ना त्यांना. मी नाही सांगणार. ज्याला विचारलंय त्यानंच उत्तर द्यायचं.

डॉक्टरबाईंना विनंती करून मी उद्या सकाळी पुन्हा फोन करायला सांगितलंय. तोवर तिकिटं काढू दिलेली नाहीत. म्हणजे हार घातलेत खरे, पण आमचं जाणं अजून पक्कं नाही.

यांना फोनची भीती नाही, तुमची आहे. शिट्टी सर आजारी आहेत, हे तुम्हाला कळेल म्हणून. म्हणून इथेच विचारते.

अहो, तब्येत कशी आहे तुमची?

जरा मोठ्याने. मागच्या रांगेपर्यंत जायचा की आवाज.

ऐकलंत? "मला मधुमेह आहे. हृदयात दोन स्टेंट आहेत. आणि हिच्यामुळे मी उभा आहे."

उद्या पहिली दोन वाक्यंच सांगा, तेवढी पुरेत. तिसरं माझ्याकडे राहू दे.

टाळ्या नंतर वाजवा, आधी कुणीतरी यांना बसायला खुर्ची द्या. लेकीला मी बाहेर पडल्यावर लगेच कळवते, काढ म्हणावं तिकिटं.

शाळेने आणि तुम्ही सगळ्यांनी यांना जीव लावलात, त्याचे मनापासून आभार. नवऱ्याला भर सभेत उभं केलं, त्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. यांची माफी मी घरी मागेन, उद्याचा फोन झाल्यावर.